औषध तेच, वाहन वेगळं : सोलापुरातल्या एका म्युकर रुग्णाचा प्रकरण अभ्यास

अक्का आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांची तक्रार दाताची होती. उजवीकडची वरची दाढ हलतेय, गाल बधिर झालाय, नाकातून काळपट काहीतरी पडतंय. मे २०२१ चा शेवटचा आठवडा होता. रिक्षातून उतरवताना मुलाने त्यांच्या तोंडावर ओला पंचा धरला होता. उजवा डोळा सुजून मिटत आला होता आणि बाहेरचं ऊन त्यांना सहन होत नव्हतं.

वय ५२, वजन ५४ किलो. सोलापूरच्या पूर्व भागात घर, आयुष्यभर विड्या वळण्याचं काम. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर. घरात तेलुगू, बाहेर मराठी. वॉर्डात सगळे त्यांना अक्का म्हणू लागले, म्हणून इथेही तेच. आठ वर्षांपासून मधुमेह. तीन आठवड्यांपूर्वी कोविड झाला तेव्हा त्या दुसऱ्या एका ठिकाणी ऑक्सिजनवर होत्या. तिथे त्यांना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलं गेलं आणि त्या वेळी ते योग्यच होतं. चूक नंतर झाली. घरी गेल्यावरही स्टिरॉइडच्या गोळ्या चालूच राहिल्या आणि दोन आठवडे साखर कुणी मोजली नाही.

आम्ही मोजली तेव्हा ती ४१२ होती. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ११.२. लघवीत कीटोन. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारा आकडा, वाढला की वाईट) ०.९, पोटॅशियम ४.१, दोन्ही ठीक. शेवटचे दोन आकडे वाचकाने ध्यानात ठेवावेत, पुढे त्यांचीच कसोटी लागणार आहे.

नाक-कान-घसा तज्ज्ञांनी नाकात दुर्बीण घातली. मधल्या टर्बिनेटवर, म्हणजे नाकाच्या आतल्या हाडाच्या वळीवर, एक काळा, कोरडा चट्टा होता. टोचलं तर रक्त येईना, अक्कांना दुखेनाही. त्यातला कण केओएच या रसायनाच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर रुंद, फितीसारखे, जवळजवळ बिनपडद्याचे तंतू दिसले आणि त्यांना काटकोनात फुटलेले फाटे. म्युकरच, म्हणजे म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार. एमआरआयमध्ये उजव्या गालामागची आणि नाकाच्या मुळाशी असलेली पोकळी भरलेली होती, डोळ्याच्या खोबणीचा तळ नुकता धरला होता, मेंदूपर्यंत मात्र आजार पोहोचला नव्हता.

त्या वर्षी घराघरांत या आजाराला ‘काळी बुरशी’ म्हणत. बुरशी काळी नसते. तिच्यामुळे मेलेलं मांस काळं पडतं, आणि हा फरक समजला तर उपचारही समजतो. रायझोपससारख्या बुरशीचे बीजाणू मातीत, धुळीत, शिळ्या भाकरीवर, सगळीकडे असतात. आपण ते रोज हुंगतो आणि शरीर ते रोज निपटतं. साखर बेसुमार वाढली, रक्त आम्लधर्मी झालं, की प्रथिनांना बांधलेलं लोह सुटं होतं आणि या बुरशीला लोहासारखं दुसरं खाद्य नाही. त्यात स्टिरॉइडने पांढऱ्या पेशींची धार बोथट केलेली. मग तंतू रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतात, आत गुठळी होते, पुढचा भाग उपाशी मरतो. मेलेल्या भागात बुरशीला हवं ते मिळतं आणि तिथे रक्तातून कुणी तिच्या मागे येऊ शकत नाही.

हे शेवटचं वाक्य मला पुस्तकातून माहीत होतं. अक्कांच्या वेळी मी ते चार दिवस विसरलो.

पहिले चार दिवस

म्युकरवर फ्लुकोनाझोल हे बुरशीचं नेहमीचं औषध चालत नाही, व्होरिकोनाझोलही नाही. मुख्य औषध अँफोटेरिसिन बी. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस या जिवाणूपासून १९५० च्या दशकात ते मिळालं. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल असतो. हे औषध त्याला धरतं, पडद्यातून ओढून काढतं, पडद्याला भोकं पाडतं आणि पेशी गळून मरते. अडचण अशी, की आपल्या पेशींच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतो आणि तो अर्गोस्टेरॉलचा सख्खा भाऊ शोभावा इतका सारखा दिसतो. औषध त्यालाही थोडंफार धरतं. याची किंमत सगळ्यात आधी मूत्रपिंड मोजतं.

त्या रात्री शहरात लायपोसोमल अँफोटेरिसिन, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म गोळ्यांत (लायपोसोममध्ये) बसवलेलं औषध, मिळत नव्हतं. साधं, म्हणजे डीऑक्सिकोलेट या पित्तक्षारात विरघळवलेलं, मिळालं. आम्ही तेच सुरू केलं : दिवसाला ५० मिलिग्रॅम, सहा तासांत, त्याआधी मूत्रपिंडासाठी अर्धा लिटर सलाईन.

पहिल्याच रात्री दीड तासात अक्कांना हुडहुडी भरली. मे महिन्यात, पंखा बंद करून, अंगावर दोन सोलापुरी चादरी टाकूनही दात वाजायचे थांबेनात. पलंगाची कडी खडखडत होती. मुलगा मला काही बोलला नाही, आईचे पाय धरून बसला. वेग कमी केला, औषधं दिली, तासाभरात थंडी ओसरली. दुसऱ्या रात्री तेच झालं, तिसऱ्या रात्रीही.

चौथ्या दिवशी सकाळी क्रिएटिनिन २.१ आणि पोटॅशियम २.८.

या चार दिवसांत शस्त्रक्रिया झाली नव्हती. नाक-कान-घसा तज्ज्ञ पहिल्या दिवसापासून म्हणत होते, की आधी सडलेलं काढू. मी म्हणत होतो, साखर जरा खाली येऊ दे, लायपोसोमल इंजेक्शन हाती येऊ दे, मग अंगावर चाकू लावू. त्या आठवड्यात सगळ्या शहराचं लक्ष इंजेक्शनकडे लागलं होतं. नातेवाईक मेडिकल दुकानांच्या रांगेत, फोनवर, ओळखीच्या ओळखीत इंजेक्शन शोधत होते. ते मिळालं की रुग्ण वाचला, अशी सगळ्यांची समजूत झाली होती आणि मी डॉक्टर असूनही त्या समजुतीत वाहून गेलो. चौथ्या दिवशी दुर्बीण पुन्हा घातली तेव्हा चट्टा टर्बिनेट ओलांडून टाळूवर उतरला होता. पहिल्या दिवशी जो टाळू गुलाबी होता, त्यावर आता रुपयाच्या नाण्याएवढा करडा डाग होता. ती वाढ माझ्या थांबण्यामुळे झाली असं मी मानतो.

ऐंशी नॅनोमीटरची डबी

पाचव्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली. त्याच संध्याकाळी सरकारी वाटपातून लायपोसोमल अँफोटेरिसिनच्या पहिल्या सहा व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या, आल्या.

अक्कांच्या मुलाने मला विचारलं, ‘सर, औषध तेच म्हणता, मग त्याच्याने किडनी गेली आणि याच्याने जाणार नाही, असं कसं?’ प्रश्न अगदी बरोबर होता. मी त्याला त्याच्याच कामातून सांगितलं. टॉवेलच्या सुतातला कापसाचा एक तंतू साधारण १६ मायक्रॉन जाडीचा असतो. त्या एका तंतूच्या रुंदीवर शेजारी शेजारी ठेवले तर सुमारे २०० लायपोसोम बसतील. एकेकाचा व्यास ८० नॅनोमीटरच्या आसपास (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर). स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांची ती एक पोकळ गोळी असते आणि अँफोटेरिसिन त्या थरांत रुतवून बसवलेलं असतं, कशिद्याचा टाका कापडात असतो तसं.

साधं औषध रक्तात शिरलं की डीऑक्सिकोलेटपासून लगेच सुटतं, रक्तातल्या लायपोप्रोटीनवर, म्हणजे चरबी वाहणाऱ्या कणांवर, स्वार होतं आणि मूत्रपिंडापर्यंत सहज पोहोचतं. लायपोसोममधलं औषध सुटत नाही. गोळी अखंड फिरत राहते आणि मूत्रपिंडाच्या गाळणीतून जाण्याइतकी ती लहान नसते. निरोगी भागात रक्तवाहिन्यांची वीण घट्ट, तिथून ती सहसा बाहेर पडत नाही. जिथे संसर्गाने वाहिन्या सैल आणि गळक्या झाल्या आहेत तिथे ती बाहेर झिरपते. बुरशीच्या भिंतीला चिकटते आणि तिथे औषध अर्गोस्टेरॉलकडे जातं, कारण त्याची ओढ कोलेस्टेरॉलपेक्षा अर्गोस्टेरॉलकडे जास्त. म्हणूनच गोळी बनवताना तिच्या थरात मुद्दाम कोलेस्टेरॉल घातलेला असतो. तो औषधाला वाटेत धरून ठेवतो आणि मुक्कामी सोडून देतो. मला या एका युक्तीचं आजही अप्रूप वाटतं. ज्या कोलेस्टेरॉलमुळे हे औषध माणसाला बाधतं, त्यालाच राखणीला बसवलं आहे.

बुरशीच्या जाड भिंतीतून एवढी मोठी गोळी जाते कशी, हे बराच काळ कोडं होतं, कारण भिंतीतली छिद्रं तिच्या मानाने फार बारीक समजली जात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कँडिडाच्या भिंतीतून अखंड लायपोसोम पार होताना दिसले. भिंत दगडी कुंपणासारखी कडक नसते, ती थोडी ताणते, गोळीही थोडी दबते. कँडिडा आणि म्युकर या वेगळ्या बुरश्या आहेत, त्यामुळे ते चित्र जसंच्या तसं इथे चिकटवू नये.

काही गोळ्या मॅक्रोफेज नावाच्या आपल्याच संरक्षक पेशी गिळतात. वरवर तो तोटा वाटतो. पण हिस्टोप्लाझ्मासारखी बुरशी याच पेशींच्या पोटात घर करून राहते, आणि काळा आजाराचा परजीवीसुद्धा. अशा आजारांत पेशीने गोळी गिळणं म्हणजे औषध थेट शत्रूच्या खोलीत पोहोचणं. काळा आजारात किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस पुरतो तो यामुळेच. आपल्या महाराष्ट्राचाही या वाटेवर वाटा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी लायपोसोमल अँफोटेरिसिनवर अनेक वर्षं काम केलं, त्याचं पेटंटही घेतलं. आणि आम्ही सोलापुरात व्हायल मोजत होतो त्याच मे महिन्याच्या अखेरीस वर्ध्यात अँफोटेरिसिनच्या इमल्शन इंजेक्शनचं उत्पादन सुरू झालं.

ग्लुकोजची बाटली

मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे अक्कांना रोज २७०. एका व्हायलमध्ये ५० मिलिग्रॅम. साध्या अँफोटेरिसिनच्या व्हायलमध्येही ५० मिलिग्रॅमच. खोक्यावर नावही तेच, फक्त एक शब्द जास्त. साध्या औषधाची मात्रा दिवसाला किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या वर कधीही जाऊ नये, गेली तर हृदय बंद पडू शकतं. म्हणजे लायपोसोमलचा हिशोब चुकून साध्या व्हायलवर चालवला, तर औषधानेच माणूस जाईल. उरलेल्या साध्या व्हायल आम्ही त्याच संध्याकाळी त्या फ्रिजमधून हलवल्या, दुसऱ्या मजल्यावर ठेवल्या आणि अक्कांच्या केसपेपरवर पूर्ण नाव लाल शाईने लिहिलं. हे काम पाच मिनिटांचं होतं. ज्या कुणाच्या वॉर्डात ही दोन्ही औषधं एकाच कप्प्यात आहेत त्यांनी ते आजच करावं.

व्हायलमध्ये १२ मिलिलीटर निर्जंतुक पाणी घालून अर्धा मिनिट जोरात हलवायचं, म्हणजे पिवळसर, दुधी पाणी तयार होतं. ते सोबतच्या गाळणीतून ग्लुकोजच्या बाटलीत सोडायचं. सलाईनमध्ये नाही. सलाईनमधल्या मिठाने गोळ्यांचा समतोल बिघडतो, त्या एकमेकींना चिकटतात आणि औषध साकळतं.

इथे मुलगा अडला. ‘शुगर चारशे असताना ग्लुकोज कशाला लावलालाव सर?’ त्याने आठ वर्षं आईला साखरेचा चहा दिला नव्हता. त्याला रागावून चालणार नव्हतं. मी कागदावर मांडून दाखवलं : २५० मिलिलीटरच्या बाटलीतलं ६७ मिलिलीटर काढून तिथे औषध घातलं, उरलं सुमारे १८३, पाच टक्क्यांनी त्यात साखर नऊ ग्रॅम. चहाचे दोन चमचे, तेही दोन तासांत, आणि इन्सुलिन चालूच आहे. त्याने आकडे स्वतः पुन्हा मांडून पाहिले. मग खिशातून कारखान्यातली नगांची वही काढली, मागच्या पानावर तारीख टाकली आणि लिहिलं : ‘६ बाटल्या. साखर ९ ग्रॅम.’ त्या दिवसापासून तो रोज लिहीत गेला, व्हायल किती आल्या, लघवी किती झाली, साखर किती. हा लेख लिहिताना आमच्या केसपेपरइतकाच मला त्या वहीचा आधार झाला आहे.

सातव्या दिवशी रात्री एक प्रसंग टळला, तो सिस्टरांमुळे. मूत्रपिंडासाठीचं सलाईन संपलं होतं आणि त्याच नळीला औषधाची बाटली जोडायची होती. जोडताच सिस्टरांना नळीच्या वळणावर, शिरेपासून वीतभर वर, पाणी ढवळल्यासारखं दिसलं. पिवळं पारदर्शक असायला हवं तिथे धुरकट पट्टा. त्यांनी तिथल्या तिथे चिमटा लावला, नळी बदलली, नवी नळी ग्लुकोजने धुऊन घेतली आणि मग मला फोन केला. नळीत राहिलेल्या चमचाभर सलाईनने ते झालं होतं. त्या दिवसापासून अक्कांच्या स्टँडवर चिकटपट्टीवर लिहून ठेवलं, ‘आधी ग्लुकोजने धुवा’.

लायपोसोमलच्या पहिल्या बाटलीला आम्ही सगळे पलंगाभोवती उभे होतो. दीड तास गेला, दोन तास गेले. अक्कांनी चादर मागितली नाही.

आकडे, आणि जे आकड्यांत नाही

क्रिएटिनिन सातव्या दिवशी २.४ वर गेलं, ते आधीच्या माराचं उतरतं ओझं होतं. दहाव्या दिवशी १.९, चौदाव्या दिवशी १.५. आधीपेक्षा पाचपट जास्त अँफोटेरिसिन रोज शरीरात जात असताना मूत्रपिंड सुधारत होतं. एकाच रुग्णावरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं. पण तोच माणूस, तोच आजार, तेच औषध आणि बदललं ते फक्त वाहन, असा मुकाबला एकाच केसपेपरवर क्वचित पाहायला मिळतो. लायपोसोमलही निर्धोक नाही. पोटॅशियम सोळाव्या दिवशी पुन्हा ३.० वर आलं आणि शेवटपर्यंत आम्हाला ते भरत राहावं लागलं.

तरीही बाराव्या दिवशी अक्कांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेसाठी न्यावं लागलं. टाळूच्या एका कडेला पुन्हा करडेपणा आला होता. तिथून काढलेल्या तुकड्यात पॅथॉलॉजिस्टना तंतू सापडले, गुठळीने बंद पडलेल्या रक्तवाहिनीच्या पलीकडे, मेलेल्या मांसात. सात दिवस उत्तम औषध चालू असूनही तिथे बुरशी शाबूत होती. लायपोसोम रक्ताच्या प्रवाहाबरोबर जातो. गुठळीपाशी प्रवाह थांबला की तोही थांबतो. आकार कितीही लहान करा, रस्ताच बंद असेल तर वाहनाचा इलाज नाही, आणि तो रस्ता मोकळा करणं चाकूचं काम आहे : मेलेलं सगळं काढायचं, कडेला ताजं रक्त दिसेपर्यंत. पहिल्या दिवशीच ते केलं असतं तर साधं अँफोटेरिसिनसुद्धा काहीतरी जिवंत कडेपर्यंत पोहोचलं असतं, आणि टाळू बहुधा वाचला असता.

आता संशोधक गोळीला पत्ता लिहू पाहत आहेत. आपल्या पांढऱ्या पेशींवर डेक्टिन-१ नावाचं प्रथिन असतं, ते बुरशीच्या भिंतीतला बीटा-ग्लुकन हा घटक ओळखतं. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातल्या एका गटाने तेच प्रथिन लायपोसोमच्या अंगावर बसवलं. प्रयोगशाळेत अशा गोळ्या अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना साध्या लायपोसोमपेक्षा कितीतरी जास्त चिकटल्या आणि कमी औषधात जास्त बुरशी मेली. हे रुग्णांपर्यंत येईल तेव्हा मला मनापासून आनंद होईल. पण गुठळीच्या पलीकडचा पत्ता त्या गोळीलाही गाठता येणार नाही, म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांचा पहिल्या दिवशीचा आग्रह तेव्हाही ऐकावाच लागेल.

लायपोसोमल २२ दिवस चाललं. उरलेलं औषध फ्रिजमध्ये जपून दुसऱ्या दिवशी वापरलं तरी ११९ व्हायल लागणार होत्या, वहीच्या बेरजेनुसार मिळाल्या १०३. काही दिवस चारच आल्या, एके दिवशी दोन. सरासरी काढली तर किलोमागे ४.३ मिलिग्रॅम. एका व्हायलची किंमत तेव्हा साधारण ७००० रुपये होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत म्युकरचा समावेश झाला नसता, तर विडी वळणाऱ्या घराने हा आकडा उच्चारलाही नसता.

पुढे तीन महिने पोसाकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाच्या गोळ्या. डोळा वाचला, नजरही. टाळूचा उजवा भाग आणि चार दात गेले. दंतवैद्यकांनी प्लास्टिकची तबकडी बसवून दिली. ती नसली की पाणी नाकातून येतं आणि बोलणं कुणाला कळत नाही. ती बसवल्यावर पहिल्यांदा अक्कांनी स्वतःचं नाव घेतलं, मग मुलाचं. कडक भाकरी आता जमत नाही, आमटीत कुस्करून खातात. गालाचा बधिरपणा तसाच आहे.

एका वर्षाने तपासणीला आल्या तेव्हा क्रिएटिनिन १.२, एचबीए१सी ७.१. मुलाने टेबलावर नवी वही ठेवली, जुनी भरली होती. नगांची पानं सोडून मागून उलटी सुरू केलेली, रोज सकाळी उपाशीपोटी एक आकडा आणि जेवल्यावर एक. मधे एका पानावर फक्त रेघ होती. ‘त्या दिवशी पट्ट्या संपल्या होत्या,’ तो म्हणाला, ‘दुसऱ्या दिवशी दोनदा मोजली.’